वाकेन, पण मोडणार नाही

"इतकी वर्षं उभी आहे ना? मग आत्ताच काय होणार आहे तिला?"

हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या सुरांत ऐकलंय, की आता त्याचा रागही येत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. गेली बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी राहतो. नव्या इमारती बांधणं हा माझा धंदा नाही. जुन्या इमारती भूकंपात टिकतील का ते तपासायचं आणि टिकणार नसतील तर त्यांना बळकट करायचं, हे माझं काम. चारचौघांत मिरवावं असं त्यात काही नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. मी काय दाखवणार? "ही बघा इमारत, पूर्वी दिसायची तश्शीच दिसते!"

तर गोष्ट एका हँगरची. विमानांची देखभाल-दुरुस्ती जिथे चालते ते हँगर. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. १९६० च्या दशकातलं पोलादी बांधकाम, खाडीत भर टाकून केलेली जमीन आणि आत चोवीस तास काम. छत गळायला लागलं होतं, दिवे जुने झाले होते, दारांची चाकं रुळावर अडकत होती. मालकांना नूतनीकरण करायचं होतं. नियमाप्रमाणे एवढं मोठं काम काढलं की भूकंपाचं काय, हा प्रश्न आलाच. तो आला म्हणून मी आलो.

हँगर ही मोठी विचित्र चीज असते. आत एक जंबो जेट उभं राहायचं तर मध्ये खांब चालत नाही. समोरची अख्खी भिंत म्हणजे दार, ते उघडलं की भिंत नाहीच. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर 'सुपरबे' नावाचं एक प्रचंड हँगर आहे. १९७० च्या सुमारास लेव्ह झेटलिन या इंजिनिअरच्या कचेरीने त्याचं आणि लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या जुळ्या भावाचं डिझाइन केलं. मधोमध एक कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखं पसरलेलं छत, एकेका बाजूला तब्बल २३० फूट, टोकाला एकही खांब नाही. पातळ पोलादी पत्र्यांना घोड्याच्या खोगिरासारखा पीळ देऊन त्यांनाच भार पेलायला लावलंय. खाली एका वेळी चार जंबो मावतात. पहिल्यांदा त्याखाली उभा राहिलो तेव्हा नुसता वर बघत राहिलो होतो. गणकयंत्रं आजच्या खेळण्यांपेक्षाही दुबळी असताना हे लोकांनी केलंय!

आमचं हँगर इतकं देखणं नव्हतं. साधे ट्रस, साधे खांब, तीन बाजूंना कैच्यांसारखे तिरके पोलादी दांडे आणि चौथ्या बाजूला दार. पण गोम नेमकी तिथेच आहे. बुटाचा एक खोका घ्या, त्याची एक उभी बाजू कापून टाका आणि वरून हलवा. तो नुसता पुढेमागे हलत नाही, पिळवटतो. तीन बाजू ताठ आणि एक मोकळी, म्हणून मोकळ्या बाजूचे खांब सगळ्यात जास्त झोके घेतात. आणि त्याच खांबांवर समोरचा सगळ्यात लांब ट्रस टेकलेला असतो.

एक गोष्ट मात्र हँगरच्या बाजूने असते. भूकंपाचं बळ वस्तुमानावर अवलंबून. जितकं ओझं जास्त तितका धक्का मोठा. हँगरचं छत आकाराच्या मानाने हलकं असतं. त्यामुळे जुन्या इंजिनिअरांना त्याच्याबाबतीत भूकंपापेक्षा वाऱ्याची काळजी जास्त. वारा दारातून आत शिरला की छत्री उलटावी तसं छप्पर वर उचलतो. त्यांनी वाऱ्याचा हिशेब मनापासून केला होता. भूकंपाचा केला तो त्या काळच्या नियमांनी, म्हणजे वजनाचा थोडासा हिस्सा आडवा ढकलून बघायचा आणि पुढे जायचं. १९७१ साली लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, नवंकोरं इस्पितळ मोडकळीला आलं आणि मग १९७६ च्या नियमावलीत पुष्कळ गोष्टी बदलल्या. आमचं हँगर त्याच्या आधीचं. त्यात त्याची काही चूक नव्हती.

आम्ही जुने नकाशे काढले. काही ठिकाणी नकाशात होतं ते जागेवर नव्हतं आणि जागेवर होतं ते नकाशात नव्हतं. पन्नास वर्षांत कुणी पाइप न्यायला तिरका दांडा कापलेला, कुणी कपाट लावायला खांबाला भोक पाडलेलं. पण खरं दुखणं निराळंच होतं. तिरके दांडे बऱ्यापैकी जाड होते, पण ते खांबाला जिथे जोडले होते ते सांधे दांड्यांपेक्षा कमजोर निघाले. म्हणजे मोठा धक्का बसला तर दांडा ताणला जाण्याआधी बोल्ट तुटणार. एकदम, कसलीही सूचना न देता.

इथे जरा विषयांतर करतो. आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे मोठ्या अभिमानाने म्हणतात. माणसांचं मला माहीत नाही, पण इमारतींच्या बाबतीत याच्याइतका घातक बाणा दुसरा नाही. खडू मोडतो, तार वाकते. खडू मोडण्याआधी काही सांगत नाही. तार वाकता वाकता धक्क्याची ताकद गिळून टाकते आणि माणसांना बाहेर पडायला वेळ देते. भूकंपशास्त्राने आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, पण एवढं शिकवलंय की कुठे वाकायचं ते आधी ठरवून ठेवा. वाकेन, पण मोडणार नाही!

आणि पोलाद आहे म्हणून ते वाकेलच असंही नाही. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती सगळ्यात भरवशाच्या, असं तोवर आम्ही सगळे समजत होतो. त्या कोसळल्या नाहीत. पण नंतर आतली आवरणं काढून बघितलं तर शंभराहून जास्त इमारतींत तुळई आणि खांब यांच्यामधल्या वेल्डिंगला तडे गेलेले! बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, जपानमध्ये कोबेला भूकंप झाला आणि तिथेही असे तडे सापडले. 'उभी आहे' याचा अर्थ 'धड आहे' असा होत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

आमचा अहवाल तयार झाला आणि बैठक झाली. तिथे ते वाक्य आलंच. "१९८९ मध्येसुद्धा उभीच राहिली ना?"

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटं. लोमा प्रिएटाचा भूकंप, ६.९ तीव्रतेचा. ६३ माणसं गेली, त्यातली ४२ ओकलंडच्या एका दुमजली रस्त्याखाली. ओकलंड विमानतळाच्या १०,००० फुटी मुख्य धावपट्टीचा सुमारे ३,००० फुटांचा भाग निकामी झाला, कारण खालची भर टाकलेली वाळू पाण्यासारखी पातळ झाली. आमचं हँगर उभं राहिलं हे खरं. पण त्या भूकंपाचं केंद्र इथून कितीतरी मैल दक्षिणेला, सांताक्रूझच्या डोंगरात होतं आणि जोराचा हादरा पंधरा सेकंदांच्या आसपास टिकला. लांबच्या खोलीत फटाका वाजला आणि आपल्या काचा फुटल्या नाहीत, म्हणून टेबलावर वाजला तरी फुटणार नाहीत असं म्हणण्यातला हा प्रकार. सॅन अँड्रियासची भेग इथल्या विमानतळापासून काही किलोमीटरवर आहे. अमेरिकेच्या भूगर्भखात्याचा अंदाज असा, की २०१४ ते २०४३ या काळात या परिसरात ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के. शंभरातले बहात्तर! एवढी खात्री मला स्वतःच्या गाडीचीही नसते.

दुसरा आक्षेप पैशांचा होता आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. "इतक्या खर्चात पाडून नवीनच का बांधू नये?" कधीकधी तेच बरोबर असतं. सांगाडा गंजलेला असेल, पाया गेलेला असेल, तर मीच पाडा म्हणतो. पण इथे पोलाद चांगलं होतं. दोष मोजक्या सांध्यांत, समोरच्या चौकटीत आणि पायात होता. सांधे दुखतात म्हणून कुणी माणूस बदलत नाही. शिवाय नवीन बांधायचं तर तेवढी वर्षं विमानं कुठे उभी करायची? विमानतळावर मोकळी जागा म्हणजे मुंबईतल्या चाळीत रिकामी खोली.

बैठकीत असंही सुचवलं गेलं की यंदा छत, रंग आणि दिवे करून घेऊ, भूकंपाचं पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. रंग दिसतो, दिवे दिसतात, उद्घाटनाचे फोटो निघतात. सांधा कुणाला दिसत नाही. जे दिसतं त्याला आज पैसे मिळतात आणि जे दिसत नाही त्याला आश्वासन मिळतं. माझं मत आधीही हेच होतं आणि आजही आहे: क्रम उलटा हवा. आधी सांगाडा, मग छप्पर, मग रंग. पैसे संपले तर रंगाचे संपू द्यावेत.

पण मला खरा धडा बैठकीत मिळाला नाही. तो मिळाला हँगरमध्ये, रात्री दोन वाजता.

आम्ही रात्री मोजमापं घ्यायला जायचो. तिथे फिलिपिनो मेकॅनिक बरेच. त्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांना सगळे 'मनाँग' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं दादा. मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावत होतो की हा सांधा असा आहे, तिथे आम्ही तसं करणार आहोत वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या विमानाकडे बोट दाखवलं. चाकांचं काम चालू होतं, त्यामुळे ते अख्खं धूड तीन जॅकवर उचललेलं होतं आणि खाली तीन माणसं झोपून काम करत होती.

ते म्हणाले, "तुमचं छत पडणार नाही, हे समजलं. हे पडणार नाही ना?"

मी गप्प झालो. माझ्या शेकडो पानांच्या हिशेबात ते विमान नव्हतंच. माझ्या दृष्टीने इमारत म्हणजे खांब, ट्रस आणि पाया. त्यांच्या दृष्टीने इमारत म्हणजे आपण ज्याच्याखाली झोपलोय ते. जॅकवरचं विमान, शेपटीपर्यंत पोचायला छताला टांगलेले मचाण, डोक्यावरून गेलेले आग विझवण्याच्या पाण्याचे जाडजूड पाइप... यातलं काहीही छताच्या आधी खाली येऊ शकतं.

त्या रात्री घरी येऊन मी एक गंमत म्हणून भूकंपांच्या वेळा लिहून काढल्या. गंमत राहिली नाही. सॅन फ्रान्सिस्को १९०६, पहाटे ५:१२. कोयना १९६७, पहाटे ४:२१. किल्लारी १९९३, पहाटे ३:५६. नॉर्थरिज, पहाटे ४:३१. कोबे, पहाटे ५:४६. भूकंप काही घड्याळ बघून येत नाहीत. लोमा प्रिएटा संध्याकाळी झाला, भूज सकाळी पावणेनऊला. हा निव्वळ योगायोग. पण त्या वेळांना ऑफिसं रिकामी असतात आणि हँगर भरलेलं असतं. विमानं दिवसा उडतात आणि रात्री दुरुस्त होतात. बैठकीत बसून पुढचा टप्पा ठरवणारे आम्ही सगळे त्या वेळी आपापल्या अंथरुणात असणार होतो. धोका एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, ही गोष्ट मला तेव्हापासून फार खुपते.

पुढच्या बैठकीत मी आकडे कमी आणि वेळा जास्त सांगितल्या. काम मंजूर झालं. माझ्यामुळेच झालं असं म्हणत नाही, नियमांचा दट्ट्याही होताच.

काय केलं ते थोडक्यात सांगतो. जुने तिरके दांडे काढून बऱ्याच ठिकाणी नव्या जातीचे बसवले. यात एक पोलादी पट्टी असते आणि तिच्याभोवती काँक्रीट भरलेली नळी. पट्टी ताणली जाते तशीच दाबलीही जाते, पण नळीमुळे वाकडी होऊन फाकत नाही. म्हणजे जिथे झिजायचं ठरलंय तिथेच झिजणार. ही मूळची जपानी कल्पना. दाराच्या बाजूचे खांब जाड केले आणि छताच्या पातळीवर आडवी कैची घातली, म्हणजे मोकळ्या बाजूचा झोका ताठ बाजूंना वाटून जाईल. जमीन भरावाची, म्हणून पायात बारीक व्यासाचे नवे पाइल्स घातले. छताखाली मोठं यंत्र उभं राहत नाही, म्हणून बारीक. हे सगळं एका वेळी एक खण रिकामा करून. बाजूच्या खणात विमानं येत-जात होती. ठिणगी आणि विमानाचं इंधन एका छपराखाली, त्यामुळे वेल्डिंगची परवानगी मिळवणं हे वेल्डिंगपेक्षा अवघड.

टांगलेले मचाण आणि पाइप आडवे जखडले. जॅकवरच्या विमानाचं काय? त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. विमान जॅकवर असताना खाली कोण, किती जण आणि किती वेळ, याचे नियम त्यांनी कडक केले, एवढंच. मनाँगना मी हे तसंच सांगितलं. "म्हणजे तुम्ही खोटं बोलत नाही," ते म्हणाले. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं प्रशस्तिपत्रक.

इमारत 'सुरक्षित' केली असं मी आता म्हणत नाही. आमच्या नियमपुस्तकात पायऱ्या असतात. एक, इमारत लगेच वापरता येईल. दोन, माणसं जगतील, पण इमारत कदाचित नंतर पाडावी लागेल. तीन, जेमतेम कोसळणार नाही. सामान्य माणूस 'सुरक्षित' ऐकतो तेव्हा पहिली पायरी समजतो आणि इंजिनिअर बऱ्याचदा दुसरी म्हणत असतो. हे न सांगणं म्हणजे खोटं बोलण्यासारखंच आहे.

माझं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला मी दोन वर्षांचा होतो. आईने मला गोधडीत गुंडाळून अंगणात आणलं आणि पुढे कित्येक रात्री आम्ही घरात झोपलो नाही, असं ती सांगायची. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, तिथे भूकंप कसला, असा तेव्हाचा समज. कोयनेच्या धरणाचं डिझाइन करताना गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के आडवं बळ धरलं होतं. प्रत्यक्षात धरणावरच्या यंत्राने त्याच्या जवळजवळ दहापट हादरा नोंदवला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण ते फुटलं नाही. "उभं आहे ना" असं तेव्हाही म्हणता आलं असतं. ते म्हटलं नाही. तडे बुजवले आणि धरणाच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. खाली कऱ्हाड, सांगली आहे. हे काम करणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, तुम्हालाही नसतील. धरणाच्या उद्घाटनाची पाटी असते, टेकूची नसते.

आता हे सगळं आज का आठवलं ते सांगतो. गेल्या महिन्यात पुण्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. मी फोनवर होतो. १९९० च्या दशकातली इमारत, खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले. भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत, अशाच इमारती गुडघे मोडल्यासारख्या बसल्या होत्या. त्यानंतर २००२ च्या आपल्या नियमावलीत अशा खांबांसाठी खास तरतूद आली. आमची इमारत त्याच्या आधीची. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ साली कायदाच केला, की तळमजला असा कमजोर असलेल्या जुन्या लाकडी इमारती मालकांनी बळकट केल्याच पाहिजेत. मी एवढंच सुचवलं, की यंदा रंगाऐवजी खांबांची तपासणी करून घेऊ.

"काका, तुम्ही तिकडे राहता म्हणून तुम्हाला भीती वाटते," सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले. "आपली बिल्डिंग तीस वर्षं उभी आहे. शिवाय दोन-चार वर्षांत रिडेव्हलपमेंट होईलच."

रंगाचा ठराव मंजूर झाला. फिकट पिवळा, तपकिरी पट्टे.

तिसऱ्या मजल्यावर माझी बहीण राहते. पहाटे चारला ती झोपलेली असते.

पुढच्या सभेला मी स्वतः जाणार आहे, तिकीट काढलंय. आकडे नेणार नाही. एक बुटाचा खोका नेणार आहे.